जास्तीचा चुना

“बुवा, गणितापेक्षा जास्त आलं, तरी तुम्ही गप्प का?”

विचारणारा मुकुंद निकोडे. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. नोकरी सोडून वणीजवळच्या टेकडीवर, चैतन्यबुवांच्या मठात येऊन राहिला होता. मठाच्या भिंतीला गिलावा करायचा होता. आधी नमुना पाहावा म्हणून त्याने लहानशा भट्टीत दहा किलो चुनखडी भाजली. कळीचा चुना निघाला साडेसहा किलो.

बुवांच्या कृपेने चुना वाढला, ही बातमी टेकडीखालच्या गावात पोचली. बाया नारळ घेऊन वर आल्या. मुकुंदाने त्यांना थांबवलं नाही.

बुवा ओट्यावर बसून हे बघत होते.

“पोरांना काय शिकवायचास?”

“चुनखडीचा एक मोल तापला की चुन्याचा एक मोल मागे राहतो, वायूचा एक मोल उडून जातो. समीकरण तोललेलं असतं, बुवा.”

“मोल म्हणजे?”

“डझनासारखं माप. फक्त अफाट मोठं. कणांची संख्या सारखी, वजन मात्र ज्याचं त्याचं. चुनखडीचा मोल शंभर ग्रॅमचा, चुन्याचा छप्पन्न, वायूचा चव्वेचाळीस.”

“मग दहा किलोत किती यावा?”

“पाच किलो सहाशे. त्याहून रतीभर जास्त नाही.”

“आणि आला साडेसहा.”

“म्हणून तर… ही तुमची कृपा.”

बुवा उठले. सगळा चुना मोठ्या घमेल्यात ओतायला लावला आणि दुरूनच कळशीतलं पाणी त्यावर सोडलं.

चुना फसफसला. वाफेचा लोट उठला, बाया मागे सरल्या. खडे तडकले, फुलले, पीठ होऊन बसले…

सगळे नाही. वाफ विरली तेव्हा पांढऱ्या लगद्यात काही गोटे तसेच्या तसे उरले होते.

बुवांनी चिमट्याने एक गोटा उचलला, पायरीवर ठेवला.

“फोड.”

मुकुंदाने हातोडी घातली. आत राखाडी दगड. खाणीतून आला तसाच.

तो उकिडवा बसला. तुकडा निरखून पाहू लागला. कितीतरी वर्षांत एखादी गोष्ट त्याने अशी पाहिली नव्हती.

“नऊशे ग्रॅम वायू गेलाच नाही तर,” तो स्वतःशीच बोलल्यासारखा बोलला. “चव्वेचाळीस ग्रॅम अडकला, तर शंभर ग्रॅम दगड कच्चा. नऊशेला… दोन किलोहून थोडा जास्त.”

त्याने गोटे वेचले, धुतले, पुसून उन्हात वाळवले आणि काट्यावर टाकले. काटा दोन किलोच्या जरासा पुढे जाऊन थांबला.

मुकुंदाला हसू फुटलं. मग ताटकळलेल्या बायांकडे लक्ष गेलं आणि हसू ओसरलं.

“जे जायला हवं होतं, तेच मी मिळालं म्हणून धरून बसलो.”

त्याने काट्यावरचे गोटे उतरवले.

“गावभर झालंय, बुवा. आता यांना काय सांगू?”

बुवांनी रिकामी कळशी उचलली.

“सांग, कृपा अजून व्हायची आहे.”