ठवकर साहेबांची गच्ची

"...पण आधी कोणाचं होऊ द्यायचं, ते तरी सांगा बाबा."

निवृत्त अभियंता दामोदर ठवकर मठात पूरणगिरी बाबांपुढे घाम पुसत बसले होते. दोन धरणं बांधलेला माणूस, पण दीड वर्षात स्वतःच्या घराची गच्ची काही पुरी होईना.

"लेपवाला म्हणतो, आधी सोलरचे पाय रोवू द्या, नाहीतर माझ्या लेपाला भोकं पडतील. सोलरवाला म्हणतो, आधी जुनी वायरिंग बदला. वायरमन म्हणतो, आधी लेप मारून गळती थांबवा. एसी लावला की फ्यूज उडतो. आणि कुसुम तिथे गच्चीखालच्या खोलीत भाजून निघतेय..."

कुसुम म्हणजे त्यांची बायको. मागच्या उन्हाळ्यात उष्माघातातून कशीबशी वाचली होती. खोली गार ठेवा, पुन्हा तिला झेपणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आता वैशाख लागला होता.

"हे तिघं एकमेकांले भेटले कधी?" बाबांनी विचारलं.

"भेटू कसे देईन? ठेकेदार एकत्र आले की साटंलोटं करतात. तीस वर्षं मी एकेकाला वेगळं बोलावत आलो."

बाबांनी मान डोलावली.

"गुरुवारच्या पंगतीले घेऊन ये तिघांले."

साहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गच्ची राहिली बाजूला, हे जेवणावळी घालायला निघाले. पण अडला हरी, करतो काय? घेऊन आले.

पंगत बसली. सोलरचे निखाडे, लेपवाले गफूरभाई, वायरमन मेश्राम आणि शेजारी साहेब. मठाची रीत एकच, सगळ्यांचं होईस्तोवर पंगतीतून कोणी उठायचं नाही.

सगळ्यांचं झालं. बाबांचं होईना.

पत्रावळीवर भाताचा एक घास उरलेला आणि बाबा त्याच्याकडे बघत बसलेले. पाव तास झाला. अर्धा तास झाला.

"बाबा, घास घ्या ना."

"घेतो न."

...

साहेबांनी घड्याळ बघितलं, काहीतरी पुटपुटले आणि चक्क रीत मोडून उठले. नळावर हात धुतले, खांबाला टेकून उभे राहिले. बाबांनी मानही वर केली नाही.

तिघं मात्र तसेच बसून. उष्टे हात वाळले. आता माणूस करणार तरी काय? शेवटी मेश्रामने कंटाळून विचारलं, "निखाडेभाऊ, तुमची वायर कोणत्या बाजूनं उतरणार?"

"जिन्याकडून."

"मग तुम्ही पाय रोवता तेव्हाच मी पाइप टाकतो न."

"शुक्रवारी उरका दोघं," गफूरभाई म्हणाले. "शनिवारी मी लेप मारतो. तो वाळला की पॅनल चढवा. गळलं तर मला बोला."

"लेप झाला की घरातली वायर मी ओढतो," मेश्राम म्हणाला.

"आणि साहेबांचा फोन?" निखाडेंनी आवाज खाली आणला. "मला दिवसातून तीनदा येतो."

"मलाही."

"मलाही... जाऊ द्या. तिघांच्या वतीनं मीच घेत जाईन," गफूरभाई म्हणाले.

दीड वर्षाचं भिजत घोंगडं, पाच मिनिटांत वाळलं. साहेब खांबाआडून सगळं ऐकत होते. आधी चिडले, मग लाजले, मग लाजलो म्हणून पुन्हा चिडले.

बाबांनी घास तोंडात घातला. पंगत उठली.

"एवढंच होतं?" साहेब पुढे झाले. "मग कुसुमनं मागचा अख्खा उन्हाळा उगाच..." मग म्हणाले, "आता मी काय करू, बाबा? गच्चीवर उभा राहून काम तपासू?"

बाबा हात धुवत होते.

"काम होईस्तोवर तिघांले तुझ्याच घरी जेऊ घाल," ते म्हणाले. "आन् तू सगळ्यात शेवटी उठजो."