कुकरच्या गळ्यातला हार

राबणाऱ्याला राबवायचं आणि बसणाऱ्याला पुजायचं, ही खोड ज्यांनी लावली त्यांचं काय करावं? यंत्रं आपसात बोलत, तेव्हाची ही गोष्ट. एका कॉलेजच्या जीवशास्त्र प्रयोगशाळेत काचेच्या बशा वाफेने निर्जंतुक करणारं महागडं यंत्र होतं. बिघडेल या भीतीने ते कुणी चालवतच नसे. सगळं काम मेसमधून आणलेला कुकर करी.

खंडेनवमीला हार मात्र यंत्रालाच. कुकर धुमसला. "मलाही हार हवा."

"वरणभातवाल्याला कसला हार रे?" यंत्र म्हणालं.

"तू निदान वरणभात तरी शिजव," असं म्हणून कुकरने शिट्टीच बंद केली.

विभागप्रमुख बाई घाबरल्या. त्यांनी कुकरला झेंडूचा हार घातला, कुंकू लावलं आणि यंत्राशेजारी नेऊन बसवलं. "आता याला बर्नरवर ठेवू नका. पुजलेला आहे."

कुकर सुखावला. मग त्याने विचारलं, "पण बशा कोण उकडणार?"

"बस रे. हळूहळू सवय होते," यंत्र म्हणालं.

कुकरला जोरात शिट्टी द्यावीशी वाटली, पण खाली आच नव्हती.

"दरवर्षी घालत जा हो हार," न उकडलेल्या बशीत हातपाय पसरत हिरवी बुरशी म्हणाली, "आमची दिवाळी दसऱ्यालाच होते."