गायरानाचा ठराव

“मग बुवा, विकास म्हणतात तो याहून निराळा असतो काय?”

चालता चालता सयाजी पाटण्यांनी विचारलं. पोरवयात ते केवळगिरी बुवांच्या मठात शिकले होते. आता आंबेखिंडीचे सरपंच. डोंगराआडच्या या गावात त्यांनी रस्ता आणला, नळ आणले, दवाखाना आणला. आज गुरूला सगळं दाखवताना त्यांची छाती फुगली होती.

बुवांनी वाटेतला एक नळ सोडून पाहिला, पुन्हा बंद केला.

“बोला ना बुवा.”

“चल, तुझी ग्रामसभा भरलीय.”

चावडीपुढे सतरंज्यांवर गाव बसलं होतं. बुवांना खुर्ची दिली. सयाजींनी ठराव मांडला: गायरानावरची झाडं तोडायची, तिथं बाजाराचे गाळे बांधायचे.

“मंजूर ना?” त्यांनी सवयीनं विचारलं. आजवर कुणी नाही म्हटलं नव्हतं.

“न्हाई.”

माना वळल्या. गौराक्का धनगरीण उठली होती. सरपंच दिसले की पदर ओढून भिंतीला लागणारी बाई. आज ती सगळ्यांपुढे उभी होती.

“गौराक्का, नळाचं पाणी पितेस ना? कुणी आणलं ते?”

“तुमीच आनलं. तुमचं नाव घिऊनच घागर भरते मी.” तिनं गायरानाकडे बोट केलं. “पर गायरान तुमचं न्हाई, सरपंच. गावाचं हाय. शेरडं कुठं न्यायची आमी?”

मागून एक म्हातारा उठला. मग सुतारआळीतल्या बाया. बघता बघता अर्ध्याहून जास्त सभा उभी.

ठराव पडला.

सयाजींचा चेहरा काळाठिक्कर पडला. तरी गौराक्का बोलत असताना आत काहीतरी हललं होतं. एवढा खणखणीत आवाज या बाईत होता कुठं? पण अपमान त्याहून मोठा होता. ते बुवांकडे वळले.

खुर्ची रिकामी होती. बुवा गौराक्काशेजारी सतरंजीवर मांडी घालून बसले होते.

“बुवा, ज्यांच्यासाठी जन्म झिजवला, त्यांनीच भर सभेत मला...” सयाजींनी ठरावाचा कागद चुरगळला. “तुम्ही तरी काही बोला.”

बुवांचे डोळे लुकलुकले.

“पेढे वाट, सयाजी. गाव बोलायला लागलं.”