वगळलेल्या संध्याकाळी

"पण बाई, मी नेमकी कुठली? कुठल्या विभागाची? तेवढं सांगा, म्हणजे मला झोप तरी लागेल."

शाल्मलीने ओसरीवर पाऊल टाकता टाकताच विचारलं. चपला अजून पायातच होत्या, हाताला लेक जुई.

कुमुदिनीबाईंनी वर पाहिलं नाही. पुढ्यात परात, परातीत मोड आलेले वाल. चिमटीत दाणा धरायचा, दाबायचा. साल इकडे, दाणा तिकडे.

"बस. चपला काढ आधी. जुई, तुला वाल सोलता येतात?"

"नाही, बाईआजी."

"उत्तम. येतात म्हणणारी माणसं अर्धे दाणे फोडून ठेवतात. ये इकडे."

जुई परातीशी मांडी घालून बसली. शाल्मली बसली, पण टेकली नाही. रात्रभर तिच्या डोक्यात दोन गोष्टी फिरत होत्या आणि पहाटेपर्यंत त्या दोन्ही एकच झाल्या होत्या.

पहिली जुईची. जूनपासून ती या गावच्या शाळेत पहिलीत जात होती. मधल्या सुट्टीत मुली लंगडी खेळायच्या आणि जुई पायरीवर बसून बघायची. "घेत नाहीत मला," एवढंच घरी येऊन सांगायची. रडायचीसुद्धा नाही. रडली असती तर बरं झालं असतं. रडणाऱ्या मुलाचं काय करायचं, हे निदान आईला माहीत असतं.

दुसरी तिची स्वतःची. तिच्या प्रबंधालाही कुणी घेत नव्हतं. भौतिकशास्त्रवाले म्हणाले, यात ओव्या फार आहेत. साहित्यवाले म्हणाले, यात बेडूक फार आहेत. परिसरशास्त्रवाल्यांनी आलेखांचं कौतुक केलं आणि तो दुसऱ्या विभागाकडे सरकवला. शाश्वत विकास शिकवणाऱ्या गृहस्थांनी पहिलं पान वाचून विचारलं, "यातून धोरण काय निघतं?" पहाटे पहाटे शाल्मलीला वाटून गेलं, कुणी खेळायला न घेणं हे आमच्या घराण्यातच असावं.

आणि उद्या प्रबंध दाखल करायची शेवटची तारीख होती. तारीख चुकली की नोंदणी रद्द, तीन वर्षांचं काम गाठोड्यात. मार्गदर्शक म्हणून बाईंची सही तेवढी राहिली होती.

बाईंनी आयुष्यभर पुण्यात भौतिकशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर कोकणातल्या या गावात येऊन त्या मातीचा अभ्यास करू लागल्या, आणि हळूहळू चारी विषयांची भांबावलेली मुलं त्यांच्या ओसरीवर येऊ लागली. बाई प्रबंध शेवटच्या तळटीपेपर्यंत वाचतात, अशी त्यांची ख्याती. वाचून झाल्यावर त्या एकच प्रश्न विचारतात, अशीही. त्या एका प्रश्नाला मुलं तोंडी परीक्षेपेक्षा जास्त घाबरत. शाल्मली घाबरली नव्हती. तिचं काम चोख होतं.

"वाचलंत, बाई?"

"वाचलं."

"मग?"

"सांग की तूच. तुझ्या तोंडून ऐकू दे."

शाल्मलीला तेच तर हवं होतं.

गावाच्या खालच्या अंगाला देवराई. राईच्या मधोमध तळी. पावसाळ्यात दिवस मावळला की तळीतले बेडूक जे सुरू होतात, ते शेजारच्या माणसाशी बोलता येऊ नये असे. आणि मग, अंधार दाटायच्या सुमारास, एकाएकी सगळे गप्प. टाचणी पडली तर ऐकू यावी असे. दहाएक मिनिटं तसंच. मग पुन्हा सुरू.

ही शांतता शाल्मलीने शोधून काढली होती. तळीकाठच्या झाडाला तिने रेकॉर्डर बांधला होता. तीन पावसाळे ती रोज संध्याकाळी हवेचं तापमान आणि ओल टिपायला राईत जात होती. राईत चपला चालत नाहीत, म्हणून अनवाणी. बॉम्बशोधक पथकाने जावं तशी, बॅटरीसुद्धा न लावता. रेकॉर्डरवर तिच्या पावलांचा एक आवाज नव्हता. या गोष्टीचा तिला फार अभिमान होता.

"आणि गंमत बघा, बाई, चारी बाजूंनी जुळतं. त्या वेळी तळीचं पाणी उबदार आणि वरची हवा गार असते, त्याने आवाज वर वळतो. ते झालं भौतिकशास्त्र. आवाज जोडीदारापर्यंत पोचत नसेल तर बेडूक ताकद वाचवतात, हे परिसरशास्त्र. आणि इथल्या बायकांच्या ओवीत चक्क म्हटलंय, माझी राई गप्प झाली! म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या हे होतंय. म्हणून शेवटच्या प्रकरणात मी सुचवलंय, त्या वेळेला राईत कुणी जाऊच नये. ती शांतता जपायला हवी."

"अमावास्येला दिवा लावायला जातात त्या बायकांनीपण?"

"थोडे दिवस जड जाईल त्यांना..."

बाई वाल सोलत राहिल्या.

"पूर्ण म्हण ना ती ओवी."

"पूर्ण?"

"मला चाल आवडते ती."

शाल्मलीने घसा साफ केला.

"दिवा घेऊनी मी गेले, माझी राई गप्प झाली,
माझ्या पावलांची सई, तिनं चाहूल घेतली."

"प्रबंधात मधलाच तुकडा आहे."

"बाकीचा विषयाशी संबंधित नव्हता, बाई."

"हं."

...

जुईच्या हातून एक दाणा उडाला आणि थेट बाईंच्या मांडीवर पडला. दोघी खुदकन हसल्या. शाल्मली हसली नाही. बाईंचा प्रश्न अजून यायचा होता.

तो आला, तेव्हा बाईंचे हात चालूच होते.

"शाल्मली, तू गेली नाहीस त्या संध्याकाळी काय झालं?"

"मी कुठे नाही गेले? मी रोज..."

"मला ताप होता तेव्हा नाही गेलीस," जुई म्हणाली. "मी तुला सोडलंच नव्हतं. गेल्या गणपतीत. मोदकपण खाल्ले नाहीत मी."

"हो, ते काही दिवस." शाल्मली जरा अडखळली. "रेकॉर्डर चालू होता, पण तापमानाच्या नोंदी नव्हत्या. अपुरी माहिती. म्हणून वगळले ते."

"ऐकलेस का?"

"वगळल्यावर कशाला ऐकायचं, बाई?"

...

"आणि शांतता मी पोचायच्या आधीच सुरू होते," शाल्मली घाईने म्हणाली. कुणी तसं विचारलंही नव्हतं. "मी वर पाळीपाशी, राईच्या बांधापाशी, चपला काढून निघत असते, तेव्हाच. तिथून तळी केवढी लांब!"

"तुला कसं कळलं, तेव्हा सुरू होते ते?"

"ऐकलं ना मी! दर वेळेला मी तिथे..."

ती थांबली.

बाईंनी पहिल्यांदाच मान वर केली. चेहऱ्यावर राग नव्हता, विजय तर नव्हताच. आजाऱ्याच्या उशाशी बसलेलं माणूस बघतं तसं त्या बघत होत्या.

शाल्मलीने पिशवीतून लॅपटॉप काढला. वगळलेल्या दिवसांचा कप्पा उघडायला तिला दोनदा प्रयत्न करावा लागला. मग ओसरीभर बेडूक झाले.

जुई कान टवकारून ऐकत होती. बाई डोळे मिटून. संध्याकाळ पुढे पुढे सरकत होती. गप्प व्हायची वेळ जवळ आली. आली. गेली. बेडूक आपले ओरडतच होते.

शाल्मलीने दुसरा दिवस लावला. मग तिसरा.

कुणी गप्प बसायला तयार नव्हतं.

"बंद कर आता," बाई हळूच म्हणाल्या.

शाल्मलीने बंद केलं. ओसरीवर जी शांतता झाली, तिला कुठलाच विभाग लागत नव्हता.

"म्हणजे तीन वर्षं... मी माझंच येणं मोजत होते?"

बाईंनी परात बाजूला सारली, हात पदराला पुसले.

"मी इतक्या मुलांना शिकवलं. तीन पावसाळे अनवाणी चिखलात गेलेलं एकही माझ्या आठवणीत नाही. तुझे आकडे खरे आहेत. आलेख खरे आहेत. ओवी तर खरी आहेच."

"मग?"

"मग काय. पेन दे."

शाल्मलीला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"सही करते. उद्या शेवटची तारीख ना? परीक्षकांनी वगळलेले दिवस कधी मागितलेत? मागणार नाहीत. कुठे करू, दाखव."

बाईंनी सहीचं पान मांडीवर घेतलं. पेनचं टोपण काढलं. नाव लिहायच्या जागेवर टोक टेकवलं आणि शाल्मलीकडे बघत राहिल्या.

"तू म्हणशील तिथे करते."

...

अंगणात कुणाची तरी गाय हंबरली. जुईने एका बोटाने सालींचा ढीग नीट केला. शाल्मलीच्या मनात काय काय येऊन गेलं. विद्यापीठातली ती अरुंद केबिन, दारावर नाव लागेल म्हणून हेरून ठेवलेली जागा. आईला फोनवर काय सांगायचं. संध्याकाळी तबकात दिवा घेऊन उतरणीला लागलेल्या बायका, आणि पाळीपाशी उभी राहून त्यांना अडवणारी पाटी.

तिने हात पुढे केला. बाईंच्या बोटांतलं पेन काढून घेतलं. टोपण लावलं. ते नीट बसलं की नाही म्हणून पुन्हा एकदा दाबलं.

बाई उठल्या. गुडघ्याला हात लावून, दोन टप्प्यांत.

"चल," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"दिवस मावळायला आलाय. बेडूक वाट बघणार नाहीत तुझी."

उतरणीवरून तिघी खाली निघाल्या. मधे जुई, एका हाताला आई, एका हाताला बाई. तळीचा गलका लांबूनच ऐकू येत होता. पाळीपाशी तिघींनी चपला काढल्या. बाईंनी आपल्या चपला एकीला एक लावून ठेवल्या, जणू देवळाबाहेर. मग वाकून ओल्या मातीवर तळहात टेकवला.

"पावलाचा हादरा इथून जातो," त्या म्हणाल्या. "कानाला कळायच्या आत."

त्या पुढे झाल्या. आणि झालंच. अगदी रोजच्यासारखं. काठावरचे आधी, मग मधले, मग पलीकडचे. गलका विझत विझत गेला आणि राई गप्प झाली.

तळीकाठी पोचताच शाल्मलीचा हात सवयीने खिशाकडे गेला. तापमान टिपायचं, ओल टिपायची, निघायचं. तीन वर्षं तेच चाललं होतं. शांतता नोंदवायची आणि तिला तशीच सोडून परत फिरायचं. जुई घरी वाट बघत असायची.

बाई मात्र एका दगडावर बसल्या. शेजारचा दगड त्यांनी हाताने झाडला.

शाल्मली बसली. जुईला मांडीवर घेतलं. मूल आता चुळबुळ करणार, कंटाळणार, घरी जाऊ म्हणणार, आणि डास चावून पुन्हा ताप येणार, असं सगळं तिच्या मनात ओळीने येऊन गेलं. त्यातलं काहीच झालं नाही. जुई मधल्या सुट्टीत पायरीवर बसायची तशीच बसली होती, हनुवटी गुडघ्यावर टेकून. बसून बघायची तिला सवय होती.

पाण्यावरचा उजेड संपला.

शाल्मलीला राहवलं नाही. बाईंच्या कानाशी वाकून ती पुटपुटली, "बाई... मग मी नेमकी कुठली?"

बाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू. ते ऐकतायत."

...

कितीतरी वेळ काही नाही.

मग पलीकडच्या काठावरून एक आवाज आला. अगदी लहान, घाबरत घाबरत काढल्यासारखा. थांबला. पुन्हा आला. त्याला दुसऱ्याने उत्तर दिलं. मग डावीकडून, मग उजवीकडून, आणि बघता बघता सगळी तळी उसळली. त्यांच्या पायांपासून हातभर अंतरावरून एक धीट बेडूक असा काही ओरडला की शाल्मली दचकली आणि बाई मनापासून हसल्या. हसण्याचा आवाज कुणाला ऐकू आला नाही.

तीन वर्षांत एकदाही शाल्मलीने तो कल्लोळ आतून ऐकला नव्हता.

जुईने मान वळवली. आईचा चेहरा दोन्ही हातांनी खाली ओढला आणि कानात म्हणाली,

"आई, घेतलं त्यांनी आपल्याला खेळायला."