ठकूआत्याचं चोरीचं बी

फार म्हणजे फारच वर्षांपूर्वी घाटावरच्या वेळदरा गावात ठकूबाई नावाची बाई राहायची. लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच नवरा गेला, ती माहेरी परतली आणि सगळ्या गावाची आत्या झाली. तिच्या झोपडीत पाय पसरायला जागा नसायची, कारण शेणाने लिंपलेल्या कणग्यांनी घर भरलेलं. एकीत काळं भात, एकीत तांबडी नाचणी, एकीत वरई. मळणीआधीच ती गावच्या शेतांत शिरायची आणि टपोरी कणसं बियाण्याला काढून आणायची. असं म्हणतात, की दाणा गालात धरला की तो उगवणार की नाही, हे तिला कळायचं.

बाई गुणाची, पण हेकट. गावाचं बी शिवेबाहेर जायचं नाही, बी गेलं की गावाची लक्ष्मी गेली, हा तिचा हेका. गावकरीही वस्ताद. आत्या सांभाळते आहे म्हटल्यावर त्यांनी घरात बी ठेवणंच सोडलं आणि आपापल्या कणग्या तळापर्यंत खरवडून खाल्ल्या. पेरणीला आत्याचं दार होतंच.

सासरी निघालेल्या लेकी मात्र भलत्या बिलंदर. माहेरच्या भाकरीची चव सोडवते थोडीच! पाया पडायला आत यायच्या, आत्या गूळ आणायला वळली की कणगीत हात घालायच्या आणि मूठभर बी पदराला बांधून पसार व्हायच्या. आत्याच्या ध्यानात यायचं ते वऱ्हाड शीव ओलांडून गेल्यावर.

"चोरट्यांनो!" ती बांधावरून ओरडायची. "तुमच्या शेतात कुसळ बी उगवायचं न्हाई!"

मग एका वैशाखात डोंगरावरून वणवा उतरला. माणसं वाचली, गुरं वाचली, आत्याची झोपडी तेवढी गेली. तिने राख उकरून एकेक दाणा गालात धरून पाहिला. एकही जिवंत नव्हता. मृग पंधरा दिवसांवर आणि अख्ख्या गावात पेरायला दाणा नाही. कुणी तिला बोल लावला नाही, त्याचंच तिला जास्त लागलं.

"समदं एका घरात कोंडलं म्या," ती म्हणत राहिली. "गावाच्या तोंडचा घास म्या घालवला."

ही बातमी घाट उतरून खाली गेली. मृग लागला. असं म्हणतात, की त्या साली ढग आले आणि खिंडीतच थांबून राहिले. तिसऱ्या दिवशी बायजा घाट चढून आली. बारा वर्षांपूर्वी सासरी गेलेली ही लेक. डोक्यावरचं गाठोडं तिने आत्यापुढे ठेवलं आणि मान खाली घातली.

"आत्ये, चोरीचा माल परत आणलाय. मारायचं तर मार."

आत्याने गाठ सोडली. आत तांबडी नाचणी. तिने एक दाणा गालात धरला आणि साऱ्या गावासमोर ती ढसाढसा रडली.

"जिता हाय गं," ती म्हणाली. "जिता हाय!"

बायजाच्या मागून बाकीच्या आल्या. कुणाकडे भात, कुणाकडे वरई. शेवटची लेक पोटुशी होती, ती बसत उठत चढत होती. तिचं पाऊल शिवेच्या आत पडलं आणि मगच खिंडीतले ढग सुटले, असं म्हणतात. गावाचा जीव भांड्यात पडला. आत्याने सगळ्यांना हाताने गूळ भरवला आणि एकेकीला पोटभर शिव्याही दिल्या.

वेळदऱ्यात आजही मळणी उरकली की एक दिवस कुणी दाराला कडी घालत नाही. बाया एकमेकींच्या घरात शिरून बी चोरतात, माहेरवाशिणी तर हमखास. घरधनीण पाठ करून बसते आणि तोंडाने शिव्या घालते. त्या दिवशीची शिवी आशीर्वादच मानतात. ज्या घरात कुणी चोरीला येत नाही, तिथली बाई दुसऱ्या दिवशी रडवेली होऊन दारोदार विचारत फिरते, "माझ्या बियात काय खोट दिसली गं तुमास्नी?" मग कुणीतरी हातातलं काम टाकून उठते, तिच्या घरी जाते आणि तिच्या डोळ्यांदेखत मूठभर बी चोरून आणते.