पुसलेले ठसे

एका बंदरावर एक सोनार राहायचा. हातात कसब होतं, पण चकाकीचं भलतंच वेड. काळपट काही दिसलं की त्याला चैन पडायची नाही. एकदा तर त्याने बायकोचा जुना तवा घासून आरसा केला. मग भाकऱ्या चिकटू लागल्या आणि तिची बोलणी खावी लागली, तरी खोड काही गेली नाही.

त्याच बंदरावर त्याचा लहानपणापासूनचा मित्र होता, एक म्हातारा तांडेल. स्वतःचं गलबत कुजल्यामुळे खलाशांचा हा म्होरक्या वर्षभर किनाऱ्यावर बसून होता. एके दिवशी तो हसत हसत सोनाराकडे आला आणि त्याने कमरेची पुरचुंडी सोडली. आत चांदीचं जुनं नाणं होतं. त्यावर मिशाळ चिनी ड्रॅगन.

“चीनच्या शेवटच्या बादशहाच्या वेळचं आहे. तरुणपणी तिकडे गेलो होतो तेव्हा मिळालं. शहरातला एक जाणकार हे बघून गेलाय, उद्या न्यायला येतोय. म्हणतो, ही नाणी पाडायला घेतली आणि बादशाहीच बुडाली, त्यामुळे फार थोडी उरलीत. याच्या बदल्यात नवं गलबत बांधून देतोय बघ! आजचा दिवस तुझ्या पेटीत ठेव, माझ्या झोपडीला कुलूप नाही. पण आहे तसंच ठेव हो.”

तांडेल गेला. सोनाराने नाणं उजेडात धरलं. ते काळवंडलं होतं आणि त्यावर देवीच्या वणांसारखे बारीक बारीक ठसे होते. त्याचा जीव तळमळला. मित्राला विचारून यावं, असं एकदा मनात आलंही. झोपडी हाकेच्या अंतरावर होती. पण ‘उद्या बघून चकितच होईल गडी,’ असं म्हणत त्याने चिंच आणि राख काढली. घासून ठसे जाईनात, तेव्हा कानस फिरवली.

दुसऱ्या दिवशी तांडेल जाणकाराला घेऊन दुकानात आला. लखलखीत नाणं हातात घेताच त्याचा चेहरा पडला.

“यावरचे ठसे कुठे गेले?”

“खराब दिसत होते, काढून टाकले,” सोनार कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाला.

“अहो, ते डाग नव्हते! तिकडच्या व्यापाऱ्यांची रीत होती. हाती आलेलं नाणं पारखायचं आणि खरं निघालं की आपला ठसा मारायचा. बारा जणांनी याची ग्वाही दिली होती. आता हे खरं आहे, असं कोण सांगणार?”

नाणं खाली ठेवून तो निघून गेला. तांडेलाचं गलबतही त्याच्याबरोबर गेलं.

सोनाराला मान वर करवेना. “शिव्या दे मला, पण काहीतरी बोल,” तो म्हणाला.

तांडेलाने नाणं उलटसुलट करून पाहिलं. “छान दिसतंय रे,” तो हळूच म्हणाला. “तुझ्याकडेच राहू दे.”

पावसाळा संपल्यावर तांडेल दुसऱ्याच्या गलबतावर खलाशी म्हणून गेला, उतारवयात दोर ओढायला. सोनार रोज दुकानातून समुद्राकडे बघत बसायचा. ते नाणं त्याने पुन्हा कधी घासलं नाही. ते हळूहळू काळं पडलं, ठसे मात्र परत आले नाहीत.

तात्पर्य: ज्याची वस्तू, त्याला विचारल्याशिवाय तिचं भलं करायला जाऊ नये.