सोडला की थांबतो

“पाच इंची पात्यांचा ड्रोन घेऊ, चाचा, की थेट सात इंची?”

विश्वजित जगदाळेनं पायरी चढता चढताच विचारलं. नमस्कार नंतर केला.

वजीरचाचा मुलाणी ओट्यावर बसून सोल्डर मारत होते. मूळचे रेडिओ मेकॅनिक. आता गॉगल लावून उडवायचे एफपीव्ही ड्रोन जुळवतात आणि उडवायला शिकवतात. गॉगल डोळ्यांवर चढवला की ड्रोनला दिसतं तेवढंच आपल्याला दिसतं, बाकी जग बंद. आमच्या दरी-बचाव पथकात हे कुणालाच येत नव्हतं, म्हणून शिकायला मीच विश्वजितला त्यांच्याकडे घेऊन गेलो होतो. तिथं झालं ते सांगतो. मधेमधे मी चिडेन, त्याला इलाज नाही.

चाचांनी वर पाहिलं नाही.

“आधी काय उडवलंयस?”

“कॅमेऱ्याचा ड्रोन. दोनशे लग्नं शूट केलीत. एकदाही पडला नाही.”

“एकदाही?”

“एकदाही नाही.”

“अरेरे,” चाचा म्हणाले.

विश्वजितनं माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले.

“कशासाठी हवाय?”

आता मात्र त्याचा आवाज उतरला. गेल्या वर्षी त्याचा धाकटा भाऊ, ऋतुराज, कड्यावरून घसरला. चार दिवस शोध चालला. चौथ्या दिवशी सापडला तेव्हा गेलेला होता. तिसऱ्या दिवसापर्यंत जिवंत असावा, असं डॉक्टर म्हणाले.

“माझा ड्रोन दरीच्या आत जाईना, चाचा. झाडी दिसली की सेन्सर अडवायचे. मला न थांबणारा हवाय. मोठा, दमाचा. पुन्हा कुणाच्या घरात हे होऊ द्यायचं नाही मला.”

चाचांनी सोल्डरची गन बाजूला ठेवली, आत गेले आणि तळहातावर मावेल एवढा ड्रोन घेऊन आले. चार इवलीशी पाती, प्रत्येकाभोवती प्लॅस्टिकचं कडं.

“हे तर खेळणं आहे.”

“आहे.”

“मी पोरांत खेळायला नाही आलो.”

“मग उडवून दाखव आणि जा.”

घरामागं माळ होता. सकाळची वेळ, वारं पडलेलं. विश्वजित गवतात मांडी घालून बसला, गॉगल चढवला, रिमोट धरला. तोऱ्यात होता गडी.

ड्रोन उठला. बाभळीपर्यंत नीट गेला. मग बाभूळ अंगावर आली, आणि विश्वजितनं दोन्ही अंगठे रिमोटच्या स्टिकवरून उचलले.

लग्नातला ड्रोन असं केलं की हवेत जागच्या जागी उभा राहतो. हा राहत नाही. तिरका होता तसाच घसरत गेला आणि आपटला.

“जा, घेऊन ये,” चाचा म्हणाले.

मी उठायला लागलो.

“तू नाही. ज्याचा पडला, त्यानं जायचं.”

विश्वजित गेला. काट्यांतून ओरबाडून घेत आणला. पुन्हा उडवला. पुन्हा बाभूळ, पुन्हा अंगठे वर. पुन्हा आपटला.

असं सहा वेळा झालं. खोटं कशाला बोलू, चौथ्या वेळेपर्यंत मला गंमत वाटत होती. सहाव्यांदा तो परत आला तेव्हा हातातून रक्त येत होतं आणि तोरा कुठल्या कुठे गेला होता.

“हात का सोडतोस?” चाचांनी विचारलं.

“सवय आहे.”

“कसली?”

“घाबरलं की हात सोडायची. सोडला की थांबतो तो…”

“शेवटचा कधी थांबवलास?”

 विश्वजित ड्रोनच्या कड्यातलं गवत काढत राहिला. एकेक काडी.

 चाचांना घाई नव्हती.

“…दरीत,” तो म्हणाला.

“सेन्सरनं अडवला?”

“नाही.”

“मग?”

“दुसऱ्या दिवशी दुपारी. स्क्रीनवर काहीतरी निळं दिसलं, कपारीत. त्याचं जर्किन निळं होतं. मला वाटलं, आता जवळ गेलो तर… तो मेलेला दिसेल. मी हात सोडले. ड्रोन तिथंच थांबला. मग मी तो मागं घेतला. सगळ्यांना सांगितलं, इकडं काही नाही, प्लॅस्टिक आहे.”

“आणि?”

“तिथंच सापडला तो.”

माझं डोकं सणकलं. त्याच दुपारी आम्ही पलीकडच्या कड्यावर दोरावर लटकत होतो, अंधार पडेपर्यंत. त्याच्या एका शब्दावर आम्ही ती बाजू सोडली होती. मी उठून ओरडलोच, “विशू, अरे काय केलंस हे तू!”

चाचांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी बसलो. 

“घरी कुणाला सांगितलंस?” त्यांनी विचारलं.

“आज पहिल्यांदा बोलतोय.”

चाचा उठले. विश्वजितच्या हातातून ड्रोन आणि रिमोट काढून घेतला, बॅटरी बदलली. मग गॉगल त्याच्या डोळ्यांवर चढवला आणि मागचा पट्टा आपल्या हातानं घट्ट केला.

“आता मी उडवतो. तू फक्त बघ.”

ड्रोन माळावरून लांब गेला, बाभळीला वळसा घातला आणि परत आमच्याकडे वळला. अगदी सावकाश.

“काय दिसतंय?”

“माळ. घर.” थोडं थांबून, “कुणीतरी बसलंय.”

“कोण?”

“…मी.”

“जवळ नेऊ?”

विश्वजितनं गवत मुठीत धरलं. त्याच्या हातात रिमोट नव्हता. सोडायला काहीच नव्हतं.

“नेऊ का?”

“न्या.”

ड्रोन आला. दहा हातांवर, पाच हातांवर, दोन हातांवर. पात्यांच्या वाऱ्यानं त्याचे केस उडायला लागले. त्यानं मान फिरवली, पण मान फिरवून काय होतंय, डोळ्यांसमोर तेच होतं.

“कसा आहे तो?”

“रडतोय, चाचा.”

“जिवंत आहे?”

 गॉगलच्या खालून पाणी त्याच्या हनुवटीवर आलं होतं. त्यानं ते पुसलं नाही, आणि गॉगलही काढला नाही. माझा राग गेला नव्हता. पण मी हात त्याच्या पाठीवर ठेवला.

“आहे,” तो म्हणाला.

चाचांनी ड्रोन अलगद त्याच्या मांडीवर उतरवला. मोटारी बंद झाल्या.

“आईला आजच सांगतो,” विश्वजित म्हणाला. “मग येतो शिकायला… येऊ ना?”

“ये.”

“पहिला कोणता घेऊ?”

चाचांनी रिमोट त्याच्या हातात दिला.

“लहान घे. माणसाच्या जवळ जाता येतं.”